केळीच्या करप्याला औषध लागू पडेना? दुकानात जायच्या आधी हे तपासा

पोळ्याच्या आसपास रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात उभे राहा, एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: "भाऊ, इतके फवारे मारले, करपा काही हटत नाही." मग काउंटरच्या पलीकडून नवी बाटली पुढे येते. नाव नवं, किंमत जास्त. आतला घटक मात्र बऱ्याचदा मागच्याच कुळातला, म्हणजे बुरशीला त्याच तऱ्हेने मारणारा असतो.

मी रावेर तालुक्यात केळी करतो. औषध लागू पडत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते कसं ओळखायचं आणि कुणाला विचारायचं, हे शोधताना बरीच फिराफिर झाली. जे नव्याने केळीत उतरलेत, नोकरी सोडून शेतीत आलेत किंवा कपाशीची जागा केळीला दिली आहे, त्यांची ती फिराफिर वाचावी म्हणून हे लिहितो आहे. उदाहरण केळीच्या करप्याचं, म्हणजे सिगाटोकाचं घेतलं आहे. पण नंदुरबारच्या मिरचीवरची भुरी असो की साक्रीकडच्या कांद्यावरचा जांभळा करपा, पद्धत हीच चालते.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

गुलाबी बोंडअळीचं आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याचा पुढचा अवतार बोलगार्ड-२ आला, आणि पुढच्या दहाएक वर्षांत तीच अळी त्याच बोंडात आरामात राहू लागली. बुरशीचंही तसंच होतं. बागेत बुरशीचे कोट्यवधी बीजाणू असतात. त्यातल्या मोजक्यांवर एखाद्या औषधाचा मुळातच असर होत नाही. फवाऱ्यात बाकीचे मरतात, हे उरतात, आणि त्याच कुळाचे फवारे चालू राहिले की बागभर यांचीच प्रजा होते. याला प्रतिकारशक्ती येणं म्हणतात.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. प्रतिकार दोन तऱ्हेने येतो.

पहिली तऱ्हा एका झटक्याची. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन ही स्ट्रोबिल्युरिन कुळातली औषधं बुरशीच्या पेशीत एकाच ठिकाणी जाऊन बसतात आणि तिची ऊर्जा तोडतात. त्या जागच्या प्रथिनात १४३ व्या स्थानावरचं एक अमिनो आम्ल बदललं की औषधाला बसायला जागाच उरत नाही. मग मात्रा दुप्पट करा नाहीतर चौपट, फरक पडत नाही. कोस्टारिकाच्या केळीबागांत काळ्या सिगाटोकावर २००० च्या सुमारास हेच झालं. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात डाऊनीनेही (केवडा रोगानेही) या कुळाला दाद देणं सोडलं. कार्बेन्डाझिमचा प्रकारही याच जातीचा. त्याचा भाऊबंद बेनोमिल मध्य अमेरिकेच्या केळीत १९७० च्या दशकातच निकामी झाला होता. हा प्रतिकार एकदा आला की फवारा थांबवूनही वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरी तऱ्हा हळूहळू सरकण्याची. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल ही ट्रायझोल कुळातली औषधं एका रात्रीत बाद होत नाहीत. पूर्वी जो फवारा तीन आठवडे पुरायचा तो दोन आठवडे पुरतो, मग दहा दिवस. शेतकऱ्याला वाटतं यंदा पाऊसच जास्त आहे. इथे पूर्ण मात्रेला अर्थ असतो, आणि त्या कुळाला काही काळ विश्रांती दिली तर बरीचशी धार परत येते.

म्हणून कुठलं औषध हरतं आहे हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

१. साहित्य आणि कागद जमवा

आखाजी (अक्षय तृतीया) झाली की, पाऊस यायच्या आत, एवढं तयार ठेवा:

- एक जाड वही. तारीख, गट नंबर, औषधाचा घटक (ब्रँड नव्हे), मात्रा, किती पाणी, फवारा कुणी मारला, पाऊस कधी आला.
- प्रत्येक औषधाचं पक्कं बिल. त्यावर बॅच नंबर आणि मुदत लिहिलेली हवी.
- वापरलेल्या प्रत्येक पाकिटाच्या, बाटलीच्या लेबलचा मोबाईलवर फोटो.
- मोजपात्र आणि छोटा वजनकाटा.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग.
- पाण्याचा सामू (पीएच) पाहायचे पट्टीकागद.
- दोन-तीन रंगांची सुतळी किंवा फीत.
- नमुन्यासाठी कागदी पिशव्या. जुनी वर्तमानपत्रंही चालतात.

वही सर्वांत महत्त्वाची. कृषी विज्ञान केंद्रात गेलात की पहिला प्रश्न "आतापर्यंत काय काय मारलं?" हाच असतो, आणि बहुतेकांकडे त्याचं उत्तर "ते लाल झाकणाचं" एवढंच असतं.

२. रोग करपाच आहे ना?

भिंग घ्या आणि वरून तिसरं-चौथं पान पाहा. करप्याची सुरुवात एक-दोन मिलिमीटरच्या फिक्कट पिवळसर रेघेने होते. ही रेघ पानाच्या आडव्या शिरांना समांतर असते. पुढे ती तपकिरी होते, फुगून लांबट ठिपका बनतो, मधला भाग राखाडी पडून वाळतो, कडेला काळसर रेघ आणि भोवती पिवळं वलय दिसतं.

हिवाळ्यात थंडीने पिवळी पडलेली पानं, पालाशची कमतरता पडून कडेने करपलेली जुनी पानं आणि उन्हाळी वाऱ्याने भाजलेल्या कडा, या तिन्हींवर बुरशीनाशक मारून काही होणार नाही. पानावर पिवळे-हिरवे पट्टे आणि पोंगा (वरचं गुंडाळलेलं नवं पान) आकसलेला असेल तर तो हरण्या रोग, म्हणजे विषाणू. तिथे झाड उपटून नष्ट करणं हाच उपाय. पपईवाल्यांचंही तेच. शहादा भागात रिंगस्पॉट या विषाणू रोगावर बुरशीनाशकाचे फवारे मारताना लोक दिसतात, तो पैसा सरळ पाण्यात जातो.

३. प्रतिकार म्हणायच्या आधी बाकी कारणं बाद करा

लागू न पडलेल्या फवाऱ्यामागे बऱ्याचदा साधंच कारण असतं.

*पोहोच.* सात-आठ महिन्यांच्या ग्रँड नैन वाणाच्या केळीचा पोंगा पाठीवरच्या पंपाच्या टप्प्यात येत नाही. खालची पानं न्हाऊन निघतात, वरची कोरडी. बुरशी तर कोवळ्या पानात, तेही मुख्यतः खालच्या बाजूच्या छिद्रांतून शिरते. फवारा झाल्यावर लगेच शिडी लावून वरच्या दोन पानांची खालची बाजू पाहा. ओली नसेल तर औषधाला दोष देऊ नका.

*मात्रा.* झाकणाने मोजू नका. कुणाचा पंप १५ लिटरचा, कुणाचा २० चा, पण टाकतात एकच झाकण. एचटीपीवर (जास्त दाबाच्या पंपावर) २०० लिटरच्या टाकीत अंदाजाने ओतलेल्या औषधाची कथाही तीच. कमी मात्रा विशेष वाईट, कारण अर्धवट सहनशील बुरशी त्यातूनच वाचते आणि ट्रायझोलची घसरण लवकर होते.

*पाणी.* आपल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी आहे. सामू ८ च्या वर असेल तर कॅप्टनसारखं औषध टाकीतच झपाट्याने निकामी होतं. पट्टीकागद बुडवून पाहायला एक मिनिट लागतं.

*पाऊस.* फवाऱ्यानंतर दोन-तीन तासांत सर आली तर वहीत तसं लिहा आणि तो फवारा हिशोबात धरू नका.

*माल.* मुदत संपलेला किंवा बनावट माल असल्याची शंका आली तर उरलेलं औषध, मूळ पाकीट आणि पक्कं बिल घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची दाद कुठेच लागत नाही, मग रक्कम कितीही मोठी असो.

४. पोंग्याला खूण बांधा

"फवारलं आणि पंधरा दिवसांत ठिपके वाढले" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. त्यात तथ्य असतं, पण निष्कर्ष चुकतो. बुरशी पानात शिरल्यापासून डोळ्यांना नीट दिसणारा ठिपका व्हायला साधारण तीन ते चार आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारे ठिपके मागच्या महिन्यातल्या लागणीचे. आजच्या फवाऱ्याचा हिशोब आज गुंडाळलेल्या पोंग्यावर आणि नुकत्याच उघडलेल्या पानावर होईल, तोही महिनाभराने.

म्हणून फवाऱ्याच्या दिवशी दहा झाडं निवडा आणि प्रत्येकाच्या सर्वांत वरच्या, नुकत्याच उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत सुतळी सैल बांधा. चांगल्या पावसात केळी सात ते दहा दिवसांत एक पान टाकते. पाच आठवड्यांनी सुतळीचं पान वरून पाचव्या-सहाव्या नंबरला आलेलं असेल. तेच पान पाहायचं, बाकीच्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

सोबत एक आकडा वहीत टाकत चला. वरून उघडलेलं पहिलं पान १ धरून खाली मोजत या. ज्या पानावर मध्यभाग वाळलेले दहा किंवा जास्त ठिपके पहिल्यांदा सापडतात, त्याचा नंबर लिहा. नंबर १० असेल तर बाग ठीक. दर पंधरवड्याला तो ८, ७, ५ असा उतरत असेल तर रोग तुमच्या पुढे पळतो आहे. निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी आठेक धड पानं झाडावर असावीत. त्याहून बरीच कमी असतील तर घड भरत नाही आणि गाडीत चढण्याआधीच पिकायला लागतो.

५. कोरी ओळ सोडून चाचणी घ्या

हा टप्पा लोक टाळतात. न फवारलेली झाडं ठेवायला जीव होत नाही, हे मला कळतं. पण तुलनेला काही नसेल तर औषध हरलं की पाऊस जिंकला, हे कुणीच सांगू शकत नाही, शास्त्रज्ञसुद्धा नाही.

बागेच्या आतल्या भागात, बांधापासून दूर, दहा-दहा झाडांचे चार तुकडे पाडा. तुकड्यांच्या मध्ये दोन ओळी सोडा.

- तुकडा अ: काहीच फवारायचं नाही.
- तुकडा ब: ज्या औषधावर संशय आहे ते, एकटं, लेबलवरच्या पूर्ण मात्रेत.
- तुकडा क: फक्त मॅन्कोझेब. हे बुरशीला अनेक ठिकाणी मारतं, त्याला प्रतिकार सहसा येत नाही, म्हणून तुलनेला.
- तुकडा ड: वेगळ्या कुळातलं एक औषध, एकटं.

बागेत जागा असेल तर हाच संच तीन ठिकाणी लावा. लेबलच्या अंतराने दोन फवारे मारा. तोच माणूस, तोच पंप, तीच सकाळ, आणि औषध बदलताना पंप स्वच्छ धुतलेला.

"ब"मध्ये तयार मिश्रण वापरू नका. इथेच सर्वांत मोठी फसगत होते. कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के असं मिश्रण आपल्याकडे घरोघरी आहे. त्यातलं कार्बेन्डाझिम पूर्ण निकामी झालेलं असलं तरी मॅन्कोझेब काम करत राहतं, आणि आपण म्हणतो "अजून चालतंय की".

पाच-सहा आठवड्यांनी सुतळीच्या पानाचा किती भाग ठिपक्यांनी गेला याचा अंदाज घ्या. यासाठी जगभर वापरतात ती पट्टी सोपी आहे: ठिपका नाही तर ०, दहापर्यंत ठिपके किंवा १ टक्क्याहून कमी भाग असेल तर १, ५ टक्क्यांपर्यंत २, ६ ते १५ टक्के ३, १६ ते ३३ टक्के ४, ३४ ते ५० टक्के ५, आणि निम्म्याहून जास्त गेलं तर ६.

आता वाचन. समजा कोऱ्या तुकड्यात सरासरी ३० टक्के भाग गेला, संशयित औषधाच्या तुकड्यात २४ आणि मॅन्कोझेबच्या तुकड्यात ९. संशयित औषधाने ३० पैकी ६ वाचवले, म्हणजे २० टक्के नियंत्रण. मॅन्कोझेबने २१ वाचवले, म्हणजे ७० टक्के. पंप तोच, पाणी तेच, पाऊस तोच, तेव्हा प्रतिकाराचा संशय पक्का. चारही तुकडे सारखेच खराब असतील तर मात्र तिसऱ्या टप्प्याकडे परत जा, दोष फवारणीत आहे. आणि संशयित औषध मधेच कुठेतरी लोंबकळत असेल, शिवाय ते ट्रायझोल असेल, तर ती हळूहळू होणारी घसरण समजा.

६. नमुना प्रयोगशाळेत द्या

शेतातली चाचणी संशय पक्का करते, शिक्का प्रयोगशाळाच मारते. पाल आणि ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रं, जळगावचं केळी संशोधन केंद्र, धुळ्याचं कृषी महाविद्यालय, राहुरी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग, हे आपले जवळचे दरवाजे. राष्ट्रीय पातळीवर तिरुचिरापल्लीला केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. नमुना नेण्याआधी फोन करून "बुरशीनाशकाला प्रतिकार तपासायचा आहे" असं स्पष्ट सांगा आणि ही तपासणी कुठे होईल ते विचारून घ्या. नुसतं "रोग तपासा" म्हटलं तर रोगाचं नाव सांगून पाठवतील.

तिथे साधारण दोन प्रकारची कामं होतात. एकात बुरशी किंवा तिचे बीजाणू औषध मिसळलेल्या माध्यमावर वाढवून, किती मात्रेला वाढ निम्मी होते ते पाहतात आणि कधीच फवारा न पाहिलेल्या बुरशीशी ताडून बघतात. दुसऱ्यात जनुक तपासून तो १४३ व्या स्थानाचा बदल आहे का, ते थेट शोधतात.

नमुना असा घ्या:

- पंधरा-वीस झाडांवरून, वाळलेल्या मध्यभागाचे ठिपके असलेले तळहाताएवढे तुकडे. एकाच झाडाचे नकोत.
- शेवटच्या फवाऱ्यानंतर किमान दोन आठवडे गेलेले असावेत.
- सावलीत सुकवून कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि भलत्याच बुरश्या वाढतात.
- शक्य असेल तर कधी फवारणी न झालेल्या परसातल्या केळीचाही एक नमुना, वेगळ्या पिशवीत.
- पिशवीवर गाव, गट नंबर, वाण, तारीख. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स.
- सोमवारी-मंगळवारी पोहोचेल असं पाठवा. शनिवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात कुजतं.

७. नाव नाही, कूळ बदला

पाकिटाच्या पुढच्या बाजूचं मोठं नाव विसरा, बारीक अक्षरातला घटक वाचा. काही पाकिटांवर कुळाचा आंतरराष्ट्रीय क्रमांकही छापलेला असतो: कार्बेन्डाझिम आणि थायोफिनेट मिथाइल १, सगळे ट्रायझोल ३, स्ट्रोबिल्युरिन ११. मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल, तांबं, गंधक यांच्या क्रमांकाआधी "एम" असतो. ही औषधं बुरशीला एकाच वेळी अनेक ठिकाणी मारतात, म्हणून त्यांच्याविरुद्ध प्रतिकार सहसा येत नाही. हेक्झाकोनॅझोल सोडून प्रोपिकोनॅझोल आणि मग टेब्युकोनॅझोल घेतलं, तर बिलं तीन झाली, कूळ एकच राहिलं.

मी पाळतो ते नियम:

- करपा दिसायच्या आधी, पावसाच्या सुरुवातीला पहिला फवारा मॅन्कोझेबचा, चिकट द्रव्यासह.
- ट्रायझोल लागोपाठ दोनदा नाही. मधे "एम"वाला एक फवारा असतोच.
- स्ट्रोबिल्युरिन एकटं कधीच नाही. हंगामात एकदा, फार तर दोनदा, तेही दुसऱ्या कुळासोबत.
- चाचणीत कार्बेन्डाझिम हरलं असेल तर ते कायमचं बंद, मिश्रणातूनही.
- मात्रा लेबलची. ना अर्धी, ना दुप्पट.

खनिज तेलाबद्दल एक कडक सूचना. प्रोपिकोनॅझोलसोबत खनिज तेल चांगलं काम करतं. पण क्लोरोथॅलोनिल, कॅप्टन किंवा गंधकासोबत तेच तेल पानं जाळतं. एकाच टाकीत नाही, आणि लगोलग पाठोपाठही नाही. "सगळं एकदमच मारून टाकू" म्हणत चार-पाच औषधं एका टाकीत ओतणाऱ्यांनी माणसाच्या जिवाचाही विचार करावा. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे आणि वाऱ्याच्या दिशेचं भान, यात काटकसर नको.

लेबलवर केळीचं नाव आहे का आणि फवारा व कापणी यांत किती दिवसांचं अंतर लिहिलं आहे, हेही पाहा. माल निर्यातीला जाणार असेल तर व्यापाऱ्याकडून चालणाऱ्या औषधांची यादी लेखी घ्या. मॅन्कोझेब आणि क्लोरोथॅलोनिलची मंजुरी युरोपने काढून घेतली आहे. आखाती देशांचे नियम वेगळे, म्हणून माल कुठे जाणार ते आधीच विचारा.

८. बुरशीच कमी ठेवा

बागेत बीजाणू जितके कमी, तितका प्रतिकारवाला बीजाणू सापडण्याची शक्यता कमी. म्हणून विळ्याला फवाऱ्याइतकंच काम द्या. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी ठिपक्यांचं पान काढा. फक्त शेंडा गेला असेल तर तेवढाच कापा, बाकीचं हिरवं पान घड भरायला लागतं. कापलेली पानं ओळीत पसरून ठेवू नका. एकावर एक रचून ढीग करा किंवा खड्ड्यात कंपोस्ट करा, म्हणजे बीजाणू हवेत उडणं बरंच कमी होतं. पाणी साचू देऊ नका, जादा पिलं वेळेवर काढा, पालाश चुकवू नका.

आणि शेजाऱ्याशी बोला. करप्याचे बीजाणू वाऱ्यावर बांध ओलांडतात. तुम्ही कुळं फिरवत असाल आणि पलीकडच्या बागेत सलग स्ट्रोबिल्युरिन चालू असेल, तर त्याच्याकडची चिवट बुरशी तुमच्या पोंग्यावर येऊन बसणार. कापणी झालेली, कुणी न पाहणारी जुनी बाग तर सर्वांत घातक. आमच्या शिवारात काही जणांनी मिळून कुठल्या पंधरवड्यात कुठलं कूळ, हे ठरवायला सुरुवात केली आहे. मोबाईलवरचा एक गट आणि पावसाआधीची एक बैठक एवढ्यावर ते चालतं. प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्या गटावर टाका, औषधाच्या घटकाचं नाव आणि गट नंबरासकट. पुढच्या वर्षीचा नमुना त्याच ओळींतून, त्याच महिन्यात घ्या, म्हणजे दोन अहवाल शेजारी ठेवून पाहता येतील.